प्रमाणपत्र हाती आलं, परवान्याचं काय?

दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. सरकारी मिळतं की खासगी, ट्रेड कुठला, हॉस्टेल आहे का, एसटीचा पास निघेल का, यावर घरात रात्री उशिरापर्यंत खल चालतो. ‘पुढे नोकरी लागेल ना?’ हेही विचारून होतं. एवढ्या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो. या ट्रेडचं काम स्वतःच्या नावावर करायला सरकारी परवाना लागतो का, आणि लागत असेल तर हा कोर्स त्या परवान्याच्या अटींत बसतो का?

पुष्कळ ट्रेडना हा प्रश्न लागू नाही. जोडारी, कातारी, सुतार यांना उद्या आपलं दुकान थाटायचं तर हातातल्या कौशल्यासाठी वेगळा परवाना कुणी मागत नाही. संधात्याचं म्हणजे वेल्डरचं जरा निराळं आहे. खिडकीच्या ग्रिलला टाके मारायला त्याला कुणी अडवणार नाही, पण बॉयलरच्या दाबाखालच्या भागांना हात लावायचा तर बाष्पके संचालनालयाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. वर्षभर शिकून मिळालेलं ट्रेडचं प्रमाणपत्र तिथे पुरत नाही.

सगळ्यात जास्त मुलं जिथे अडकतात तो ट्रेड मात्र विजेचा. म्हणून या लेखात मुख्यतः वीजतंत्री आणि तारतंत्री, म्हणजे बोलीभाषेत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन, यांच्याबद्दल लिहितो. बाकी क्षेत्रांत नावं बदलतात, गुंता साधारण हाच असतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम ४५ जुन्या वायरमन मंडळींना तोंडपाठ असायचा. पुढे २००३ साली नवा विद्युत कायदा आला, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे विनियम काढले आणि २०२३ साली ते नव्याने आणले. पण गाभा तोच राहिला. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर दुसऱ्याच्या जागेतलं वायरिंगचं काम तीन पायऱ्यांनीच व्हायला हवं. काम घेणारा ठेकेदार राज्य सरकारची अनुज्ञप्ती असलेला हवा. कामावर देखरेख ठेवणाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र हवं, त्याला आपण पर्यवेक्षक किंवा सुपरवायझर म्हणतो. आणि प्रत्यक्ष तार ओढणाऱ्याकडे परमिट हवं. महाराष्ट्रात हे परवाने ऊर्जा विभागाच्या अखत्यारीतलं अनुज्ञापक मंडळ देतं. आयटीआयचं प्रमाणपत्र या तिन्हींपैकी एकही नाही. ते परवान्याच्या अर्जाला जोडायचा कागद आहे.

एकच सरकार, मग शिकवणाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र परवाना देणाऱ्याला का पुरत नाही, असं पालक वैतागून विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. कारण असं की दोघांची टेबलंच वेगळी आहेत. आयटीआयचा अभ्यासक्रम ठरवतं दिल्लीचं प्रशिक्षण महासंचालनालय. १९५० साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली तो देशभर एकसारखा चालतो, आणि आपल्याकडे तो राबवतं राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. मुलगा शिकला की नाही, एवढं ते बघतात. परवाना देणारं खातं बघतं की त्याने केलेल्या वायरिंगमुळे कुणाचा जीव जाणार नाही ना. म्हणून तिथे अनुभव मोजतात, तोही कुणाच्या हाताखालचा ते विचारतात. त्यातून प्रमाणपत्र देशभर चालतं आणि परवाना राज्यापुरता. ही दोन टेबलं एकमेकांशी रोज बोलत नाहीत, म्हणून तो सांधा आपला आपण जुळवून घ्यावा लागतो.

उलटीकडून वाचा

कोर्सच्या माहितीपत्रकापासून सुरुवात करू नका. परवान्याच्या अर्जापासून करा. तुम्हाला शेवटी काय व्हायचंय ते ठरवा. कारखान्यात मेंटेनन्सला लागायचंय, की गावात स्वतःच्या नावाने वायरिंगची कामं घ्यायचीत? दुसरं असेल तर ठेकेदाराची अनुज्ञप्ती हवी, तिच्यासाठी पर्यवेक्षक हवा, पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी ठरावीक शिक्षण आणि अनुभव हवा, आणि त्या शिक्षणासाठी ठरावीक कोर्स. असं शेवटाकडून मागे येत कोर्सपाशी पोचलात की कुठली गोष्ट आज नाही जमवली तर पुढे अडेल, ते दिसायला लागतं.

पहिली गोम प्रवेशाच्या पात्रतेत असते. वीजतंत्री ट्रेडला दहावी पास लागतं. तारतंत्री ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळतो. दोन्ही दोन वर्षांचे, दोन्हींत हाताला तार लागते, त्यामुळे घरी दोन्ही सारखेच वाटतात. पण पुढच्या एखाद्या परवान्याच्या अटीत ‘दहावी उत्तीर्ण’ असे दोन शब्द असले की आठवीवर आलेला मुलगा तिथेच थांबतो, मग त्याचा हात कितीही साफ असो. अशा मुलाने आयटीआय चालू असतानाच किंवा लगेच नंतर भाषा विषयांची परीक्षा देऊन दहावीची समकक्षता मिळवून ठेवावी. राज्य मंडळाकडे ती सोय आहे. मुक्त विद्यालयाचीही वाट आहे. तिशीनंतर, पोरंबाळं झाल्यावर दहावीला बसणं जिवावर येतं.

दुसरी गोम ट्रेडच्या नावाची. परवान्याच्या नियमांत शिक्षणाची नावं लिहिलेली असतात, आणि अर्ज तपासणारा कारकून ती अक्षरं जुळवून बघतो. अलीकडे सोलर टेक्निशियन, इलेक्ट्रिशियन पॉवर डिस्ट्रिब्युशन असे नवे ट्रेड आले आहेत. बारावीला किमान कौशल्याचा इलेक्ट्रिकल अभ्यासक्रम केलेली मुलंही आहेत. यातलं काही वाईट नाही. मात्र तुमच्या प्रमाणपत्रावर छापलेलं नाव नियमांच्या यादीत आहे का, ते प्रवेशाआधी पाहा. ‘इलेक्ट्रिशियनसारखंच आहे’ असं कुणी सांगितलं तर त्या ‘सारखंच’ला अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलावर किंमत नसते.

तिसरी मान्यतेची. ‘आमच्या संस्थेला शासनाची मान्यता आहे’ हे वाक्य प्रत्येक फलकावर असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण आयटीआयची संलग्नता संस्थेला सरसकट मिळत नाही, ती ट्रेडला आणि त्या ट्रेडच्या तुकडीला मिळते. एखाद्या संस्थेत जोडारी ट्रेड व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेशी संलग्न असेल आणि शेजारच्या खोलीतला वीजतंत्री नसेल, असं होऊ शकतं. म्हणून विचारताना नेमकं विचारा : या वर्षी, या ट्रेडच्या, या पाळीतल्या तुकडीला राष्ट्रीय संलग्नता आहे का, आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचं की राज्य परिषदेचं? संस्थेने संलग्नतेचं पत्र दाखवायला टाळाटाळ केली तर पाऊल मागे घ्या.

अल्पमुदतीच्या कोर्सबद्दल दोन शब्द. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतले कोर्स, सौरऊर्जेचं सूर्यमित्र प्रशिक्षण, आधीच्या कौशल्याला मान्यता देणारी काही दिवसांची चाचणी, यांचा उपयोग आहे. काम मिळवायला, नवं तंत्र हाताखालून घालायला ते चांगलेच. पण दोन वर्षांच्या ट्रेड प्रमाणपत्राच्या जागी ते परवान्याला चालतील असं धरून चालू नका. छतावर पॅनेल बसवण्याचं काम २०२४मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून वाढलंय, आणि सूर्यमित्राचं प्रमाणपत्र घेऊन मुलं थेट घराच्या डीबीत जोडणी करताना दिसतात. पॅनेलचा सांगाडा उभा करणं वेगळं. घराच्या वायरिंगला जोडणी दिली की ते विजेचं काम झालं, आणि मग वरच्या तिन्ही पायऱ्या लागू होतात.

अनुभव कागदावर कसा आणायचा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते कळतं फार उशिरा.

चित्र साधारण असं असतं. मुलगा आयटीआय पास होतो. गावातल्या जुन्या वायरमनच्या हाताखाली लागतो. घरं, गोठे, पाण्याच्या मोटारी, गणपतीचे मांडव, सगळं करतो. नवीन मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही आणि शिक्का हवा. तो ठेकेदार तालुक्याच्या गावी बसलेला असतो. रिपोर्टमागे काही पैसे ठरलेले असतात, सही होते, मीटर बसतं. ठेकेदाराने ते घर पाहिलेलंही नसतं. हे चालतं, सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुठे शॉक लागून माणूस दगावला की कागदोपत्री काम कुणाचं आणि प्रत्यक्षात कुणाचं यावरून गोंधळ उडतो.

सुरक्षेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. या मुलाचं काय होतं ते बघा. कामं त्याने केली, पण त्या रिपोर्टवर त्याचं नाव कुठेच नाही. काही वर्षांनी तो स्वतः परवान्यासाठी अर्ज करायला जातो तेव्हा विचारतात, अनुभवाचा दाखला? जुना वायरमन दाखला देऊ शकत नाही, कारण त्याच्याकडेच अनुज्ञप्ती नाही. शिक्का विकणारा ठेकेदार देत नाही, कारण दिला तर हा उद्याचा स्पर्धक. दिलाच तर त्याचे वेगळे पैसे मागतो. म्हणजे उसन्या शिक्क्याखाली केलेली सगळी वर्षं परवान्याच्या हिशेबात शून्य.

तेव्हा पास झाल्यावर पहिली नोकरी धरतानाच पगाराइतकाच कागदाचा विचार करा. अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदाराकडे लागा, पगार हजार-दोन हजार कमी असला तरी. त्याची अनुज्ञप्ती चालू मुदतीची आहे का ते आधी पाहा. मधल्या काळात ती संपलेली असेल तर तेवढ्या काळाच्या अनुभवावर बोट ठेवलं जाऊ शकतं. नेमणुकीचं पत्र मागा, साध्या लेटरहेडवरचं का असेना. पगार रोखीत न घेता बँकेत घ्या. भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य विमा योजनेत नाव असेल तर उत्तम, कारण त्या नोंदी मागाहून कुणाला रंगवता येत नाहीत.

नोकरी सोडताना दाखला घ्याल तेव्हा त्यात ‘आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली’ एवढंच नको. कधीपासून कधीपर्यंत, हुद्दा काय, कामं कुठल्या प्रकारची, घरगुती की औद्योगिक, कमी दाबाची की उच्च दाबाची, साधारण किती भारापर्यंतची, देखरेख कोणत्या पर्यवेक्षकाची आणि त्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक काय, ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीचा क्रमांक काय, हे सगळं यायला हवं. ठेकेदाराला एवढं लिहायचा कंटाळा असतो, तेव्हा मजकूर तुम्हीच टाइप करून न्या.

शिवाय एक वही ठेवा. तारीख, गाव, कामाचा प्रकार, मेगरचं रीडिंग, अर्थिंगचं रीडिंग, इतकंच. ही वही कायद्याने कुणी मागत नाही. पण तोंडी परीक्षेत ‘अर्थिंगचा रोध किती आला होता, जास्त आला तेव्हा काय केलंत?’ असं विचारलं की वही ठेवणारा मुलगा अडखळत नाही, हा तिचा फायदा.

या सगळ्या कटकटीतून बाहेर पडायचा सोपा मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली महावितरण, एसटी, रेल्वे, मोठे कारखाने इथे वीजतंत्री घेतले जातात. विद्यावेतन बेताचं असतं आणि त्यानंतर कायम करणं मालकावर बंधनकारक नसतं, म्हणून मुलं नाकं मुरडतात. पण करार नोंदवलेला असतो, शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि तो अनुभव खरा की खोटा हा वादच उरत नाही. ज्याला पुढे परवाना काढायचाय त्याने अप्रेंटिसशिप टाळू नये, असं मी ठामपणे सांगेन.

नावातला घोळ हा वेगळाच ताप. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी. प्रवेशाच्या वेळीच दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे सगळं सारखं करून घ्या. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्तीला दिवस जातात, आणि नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते. मुलींनी लग्नानंतर नाव बदलताना हे विशेष ध्यानात ठेवावं.

आधीच अडकला असाल तर

वर्षानुवर्षं काम करतोय पण आयटीआयच केलेलं नाही, अशांसाठी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याची तरतूद आहे. ठरावीक अनुभव दाखवावा लागतो. जवळच्या सरकारी आयटीआयत प्राचार्यांना किंवा गटनिदेशकांना भेटा. चांगले निदेशक यात आपणहून मदत करतात. परवान्याच्या नियमांतही साधारण दोन वाटा असतात. शिक्षणाच्या जोरावर परीक्षेतून सूट मिळवणं ही एक, आणि मंडळाची परीक्षा देणं ही दुसरी. पहिली बंद झाली म्हणून घरी बसू नका.

ज्यांनी दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलाय त्यांना तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. पदविकाधारकाला पर्यवेक्षकासाठी लागणारा अनुभव सहसा आयटीआयवाल्यापेक्षा कमी असतो. वय विशीच्या आत-बाहेर असेल आणि घरची ओढाताण नसेल तर ही दोन वर्षं वाया जात नाहीत.

राज्याबाहेर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विनियमात परमिट ‘राज्य सरकारने दिलेलं किंवा मान्य केलेलं’ असं म्हटलंय. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची कितीतरी मुलं रोज गोव्यात कामाला जातात. महाराष्ट्राचा परवाना गोव्यात चालायचा तर तो गोवा सरकारने मान्य केलेला हवा. हॉटेलच्या कामावर उभं राहण्याआधी तिथल्या वीज खात्यात विचारून घ्या.

परदेशाचं थोडक्यात. सौदी अरेबियाच्या व्हिसासाठी वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर अशा कामांना तिथली कौशल्य चाचणी आता भारतातच द्यावी लागते, नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन भाषेच्या वर्गांना गर्दी आहे. पण भाषेइतकीच महत्त्वाची आहे ती व्यवसायाची मान्यता. तिकडे वीजतंत्र्याचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं, आपलं दोन वर्षांचं. तिथली कारागीर मंडळं किंवा न्यूरेम्बर्गची उद्योग-मंडळांची संस्था दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून तपासतात आणि अनेकदा अर्धवट समकक्षता देतात. उरलेला भाग कामाच्या अनुभवाने किंवा पूरक प्रशिक्षणाने भरून काढता येतो. यासाठी लागतात गुणपत्रिका, तुम्ही शिकलात त्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि तपशीलवार अनुभवपत्रं. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, तेव्हा तुमच्या वर्षाची प्रत आजच जपून ठेवा.

विजेबाहेरच्या दोन ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. एक नर्सिंग. एएनएम किंवा जीएनएम करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली तरच ‘नर्स’. गल्लोगल्ली चालणारे सहा महिन्यांचे, वर्षाचे ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स नोंदणीपर्यंत नेत नाहीत. प्रवेशाआधी परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव शोधा, नसेल तर फीचा पहिला हप्ताही भरू नका. दुसरं जहाजावरचं काम. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं इथे फसतात. खरं तर या क्षेत्रात प्रशिक्षण आणि परवाना यांची जुळणी उत्तम आहे, कारण संस्थेला मान्यता देणारं आणि खलाशाचं सीडीसी पुस्तक देणारं नौवहन महासंचालनालय एकच. तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्था आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मी फसवणूक टळते. आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला भरती करणाऱ्या परवानाधारक एजन्सीला नियमाने मनाई आहे. मागितले तर तिथून उठा.

आता शेवटचं काम. कार्यालयात गेल्यावर ‘हा कोर्स चालत नाही’ असं तोंडी सांगितलं तर ते प्रमाण मानू नका. अर्ज रीतसर द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. प्रवेशाच्या आधीच खात्री करायची असेल तर माहिती अधिकाराचा उपयोग होतो. पण बरेच जण ‘माझा कोर्स परवान्यासाठी चालेल का?’ असा प्रश्न टाकतात, आणि तो मत मागणारा आहे म्हणून परत येतो. कागद मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, शुल्क दहा रुपये. मजकूर असा ठेवता येईल : ‘तारतंत्री परमिट व विद्युत पर्यवेक्षक सक्षमता प्रमाणपत्र यांसाठी आजच्या तारखेस लागू असलेली शैक्षणिक पात्रता व अनुभव विहित करणाऱ्या नियमांची, शासन निर्णयांची व परिपत्रकांची प्रत, तसेच मान्य केलेल्या ट्रेड व अभ्यासक्रमांची यादी द्यावी.’ तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मे महिन्यात अर्ज टाकलात तर आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या संपायच्या आत यादी हातात येऊ शकते.